बोथट ड्रिल बिटला मशीनवर धार कशी लावायची? संपूर्ण माहिती

घरात ड्रिल मशीन असेल तर हा अनुभव तुम्हालाही आला असेल. लोखंडी पट्टीला भोक पाडायला घेतलं, मशीन जोरात फिरतंय, कर्कश आवाज येतोय, थोडा धूरही निघतोय, पण बिट काही आत शिरत नाही. मग आपण अंगाचा भार टाकतो. तरी नाही झालं की "बिट गेलं" म्हणतो आणि नवीन आणतो.

आजच्या लेखात आपण पाहणार आहोत की बिट "जातं" म्हणजे त्याचं नेमकं काय जातं, टेबलावर बसवायच्या छोट्या मशीनवर त्याला परत धार कशी लावायची, आणि ती धार बरोबर लागली का हे आपल्या मोबाईलने कसं तपासायचं.

मी या विषयाकडे कसा वळलो?

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर कीबोर्ड, त्यामुळे लोखंडाशी संबंध कमीच. पण माझं आजोळ जेऊर, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. दौंडहून सोलापूरकडे जाताना कुर्डुवाडीच्या आधी हे स्टेशन लागतं. तिथे मामाचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. उजनी धरणाच्या पाण्यामुळे आमच्या भागात ऊस भरपूर, त्यामुळे कारखान्यांचा हंगाम जवळ आला की दुकानात ट्रॉल्यांच्या दुरुस्तीची रांग लागते.

मागच्या दिवाळीत मी तिकडे गेलो होतो. मामेभाऊ एका पट्टीला १० मिमीचं भोक पाडत होता. बिट बोथट होतं, म्हणून तो जोर लावत होता. पट्टी शिकंजात न धरता हातानेच धरली होती. भोक आरपार व्हायच्या क्षणी बिट अडकलं, पट्टी गर्रकन फिरली आणि त्याचा तळहात कापला. पाच टाके पडले. बिट बोथट आहे हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं. पण ऐन गर्दीत नवीन आणायला जाणार कोण?

संध्याकाळी टेबलाखाली मला तेलाचा एक रिकामा डबा दिसला. तो जुन्या बिटांनी अर्धा भरला होता. मामा म्हणाले, "अरे, ती सगळी गेलेली आहेत. टाकायची राहिलीत." त्यातली बहुतेक चांगल्या स्टीलची होती आणि लांबीलाही पुरेशी शिल्लक होती. मग त्यांचं गेलं काय होतं?

ड्रिल बिटची रचना: आधी एवढं समजून घ्या

आपण जे पिळाचं बिट वापरतो त्याचं पेटंट अमेरिकेतल्या स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये घेतलं. दीडशेहून जास्त वर्षं झाली, मूळ आकार तोच आहे. १९०० च्या सुमारास फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांच्या प्रयोगांतून हाय स्पीड स्टील पुढे आलं. इंजिनिअरिंगला 'टाइम स्टडी'मध्ये ज्यांचं नाव पाठ केलं, तेच हे टेलर. बिटच्या दांड्यावर 'एचएसएस' असं कोरलेलं असतं, ते याच स्टीलचं छोटं नाव. साधं कार्बन स्टील दोनशे-तीनशे अंश सेल्सिअसलाच नरम पडायला लागतं. एचएसएस साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत आपला कडकपणा टिकवतं.

आता बिट हातात घ्या आणि टोकाकडून बघा. चार गोष्टी दिसतील:

१. दोन धारा: टोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत जाणाऱ्या दोन सरळ कडा. लोखंड कापायचं काम याच करतात.

२. मधली आडवी रेघ: दोन्ही धारांना जोडणारी छोटी तिरपी कड. ती नीट कापत नाही, लोखंड दाबून बाजूला ढकलते. बिट आत घालायला जो जोर लागतो त्यातला मोठा वाटा ही रेघ खाते.

३. टाच: धारेच्या मागचा उतरता भाग. वर्कशॉपमध्ये याला हील म्हणतात.

४. खाचा: पिळाच्या दोन नाळी. यातून कीस बाहेर येतो.

तीन मापं, बाकी सगळं त्यावर

धार म्हणजे फक्त तीक्ष्णपणा असं आपल्याला वाटतं. चाकूच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. ड्रिलमध्ये मात्र तीन मापं जुळावी लागतात.

पहिलं माप, टोकाचा कोन: बाजूने बघितल्यावर दोन धारांमधला कोन. साध्या कामाच्या बिटांचा ११८ अंश असतो. स्टेनलेस किंवा कडक स्टीलसाठी १३५ अंशांची, जरा चपट्या टोकाची बिटं मिळतात.

दुसरं माप, दोन्ही धारांची बरोबरी: लांबी सारखी हवी आणि कोनही सारखा हवा. एक धार लांब झाली की टोक मध्यातून सरकतं आणि भोक बिटापेक्षा मोठं पडतं. कोन वेगळे असले तर एकटीच धार कापत राहते आणि लवकर मरते.

तिसरं माप, टाचेचा उतार: धारेच्या मागे साधारण ८ ते १२ अंश उतार हवा. उतार नसेल तर टाच आधी टेकते, धार लोखंडाला पोहोचतच नाही आणि बिट नुसतं घासत बसतं. उतार फार दिला तर धारेला मागून आधार उरत नाही आणि तिचे तुकडे पडतात.

डब्यातल्या बिटांचं स्टील जागेवर होतं. बिघडली होती ती ही तीन मापं.

मशीन नक्की काय करतं?

मामांच्या शेजारी एक अण्णा राहतात. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये टर्नर होते, आता निवृत्त आहेत. ते साध्या बेंच ग्राइंडरवर नुसत्या हाताने बिटला धार लावायचे. बिट चाकाला टेकवायचं, मनगट किंचित खाली न्यायचं, उलटं करून तेच परत. मामांच्या दुकानातली बिटं वर्षानुवर्षं त्यांनीच चालवली. आता त्यांचा हात कापतो, त्यामुळे गेली दोन वर्षं बिटं डब्यात जात होती.

टेबलावरचं धार लावायचं मशीन अण्णांच्या मनगटाचं काम साच्याने करतं. बाजारात सगळ्यात जास्त दिसणारी मशीनं २-३ मिमीपासून १३ मिमीपर्यंतची बिटं घेतात. त्यात हे भाग असतात:

मोटर आणि चाक: एचएसएससाठी सीबीएन म्हणजे क्युबिक बोरॉन नायट्राइडचं चाक असतं. हा पदार्थ १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी पहिल्यांदा तयार केला. कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल. मग हिराच का नाही? हिरा म्हणजे कार्बन, आणि जास्त तापमानाला कार्बनची लोखंडाशी प्रक्रिया होते, त्यामुळे स्टील घासताना हिऱ्याचं चाक लवकर झिजतं. कार्बाइडच्या बिटांना मात्र हिऱ्याचंच चाक लागतं.

कोलेट आणि चक: कोलेट म्हणजे बिटला चहूबाजूंनी सारखं आवळणारी फुलासारखी चिरलेली नळी. प्रत्येक मापाची वेगळी येते.

तीन खोबण्या: एक बिट बसवून माप घ्यायची, दुसरी मुख्य धार लावायची, तिसरी मधली रेघ बारीक करायची.

चकवर किंवा खोबणीच्या तोंडाशी ठरावीक वळणाचा आकार असतो. चक डावीकडे-उजवीकडे हलवला की त्या वळणामुळे टाच आपोआप जास्त घासली जाते आणि उतार तयार होतो. चक १८० अंशांत उलटा बसवला की दुसरी धार अगदी तशीच घासली जाते. कोडिंग करणाऱ्यांना सांगायचं तर फंक्शन एकच, फक्त दोनदा कॉल करायचं.

धार लावायची पद्धत: पायरी पायरीने

मशीनप्रमाणे थोडाफार फरक पडेल, त्यामुळे सोबतची पुस्तिका आधी वाचा. क्रम साधारण असा असतो:

१. बिट पुसून घ्या. तेल आणि कीस कोलेटमध्ये गेला तर बिट तिरकं बसतं.

२. टोक तुटलेलं असेल तर आधी साध्या ग्राइंडरवर ते ढोबळ आकारात आणा. हे छोटं मशीन थोडं थोडं घासण्यासाठी आहे. तुटकं टोक यावर घासत बसलात तर चाक विनाकारण झिजतं.

३. बिटच्या व्यासाचं कोलेट निवडा आणि चकमध्ये बसवा. बिट सैलसर धरा, लगेच आवळू नका.

४. माप घ्यायच्या खोबणीवरचा आकडा बिटच्या व्यासावर लावा. चक आत घाला, बिट तळाला टेकवा आणि हलकेच फिरवा. खाचा आतल्या खुंटांना अडल्या की हाताला जाणवतं. तिथेच धरून चक आवळा. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे.

५. टोकाचा कोन ठरवा. साध्या बिटला ११८, स्टेनलेसच्या बिटला १३५.

६. डोळ्यांवर गॉगल लावा. आधी मोटर सुरू करा, मग चक दुसऱ्या खोबणीत हळू घाला. हलका दाब ठेवून डावीकडे-उजवीकडे हलवा. सुरुवातीला घासल्याचा खरखर आवाज येईल. आवाज जवळजवळ थांबला की ती बाजू झाली.

७. चक बाहेर काढा, १८० अंश फिरवून दुसरी बाजू तशीच करा. पुन्हा एकदा दोन्ही बाजूंना हलका हात द्या.

८. तिसऱ्या खोबणीत दोन्ही बाजूंनी मधली रेघ बारीक करा.

शेवटची पायरी बरेच जण सोडून देतात. पण बिटचा मधला गाभा टोकाकडे बारीक आणि दांड्याकडे जाड असतो. धार लावून लावून बिट आखूड झालं की मधली रेघ रुंद होत जाते. धार उत्तम असूनही बिटला जोर लागतो तो यामुळे.

माझी पहिली चूक

मशीन आणलं त्या दिवशी मी डब्यातलं पहिलं बिट घेतलं, चौथ्या पायरीत घाई केली आणि खाचा खुंटांना टेकायच्या आधीच चक आवळला. बाहेर आलेलं टोक आरशासारखं चमकत होतं. मी खूश. पट्टीवर लावलं तर पुन्हा तीच किंचाळी, आणि कीस म्हणून नुसती भुकटी.

अण्णांनी बिट उजेडात धरलं आणि एका नजरेत सांगितलं, "चमक झकास आहे, पण टाच वर राहिलीय. हे घासणार, कापणार नाही."

मशीन बरोबर चाललं होतं. मी दिलेलं इनपुट चुकलं होतं आणि मशीनने तीच चूक दोन्ही बाजूंना अगदी सारखी उतरवली होती. म्हणूनच मशीन घेतलं तरी वरची तीन मापं ओळखता आलीच पाहिजेत. चुकीचं बसवलेलं बिट मशीन बिनतक्रार घासतं, कुठेही लाल दिवा लागत नाही.

मोबाईलने धार कशी तपासायची?

अण्णांची नजर माझ्याकडे नव्हती, फोन होता. मी या चार तपासण्या करतो:

टॉर्चची तपासणी: फोनचा टॉर्च धारेवर पाडा आणि बिट हळूहळू फिरवा. धार बोथट असेल तर कडेवर पांढरी चमकती रेघ दिसते, कारण गोल झालेली कड उजेड परत फेकते. तीक्ष्ण धार उजेड फेकत नाही. नवीन बिट आणि जुनं बिट शेजारी धरून पाहा, फरक लगेच कळेल.

उलट्या फोटोची तपासणी: बिट एका नटच्या भोकात उभं करा आणि बरोबर वरून मॅक्रो मोडमध्ये टोकाचा फोटो काढा. मॅक्रो नसेल तर थोडं लांबून झूम करा. तोच फोटो १८० अंश फिरवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. चांगलं बिट दोन्हीकडे सारखंच दिसतं. एक धार लांब असेल तर फिरवल्यावर चित्र बदलतं. मधली रेघ धारांशी साधारण १२० ते १३५ अंशांत तिरपी दिसायला हवी.

दोन नटांची तपासणी: हे मोबाईलशिवायही होतं. एकाच मापाचे दोन षटकोनी नट सपाट बाजूला सपाट बाजू लावून ठेवा. त्यांच्या सांध्यात व्ही आकाराची खाच तयार होते, तिचा कोन १२० अंश असतो. ११८ अंशांचं टोक त्यात जवळपास नीट बसतं. मागून टॉर्च लावला तर फट कुठे आहे हे स्पष्ट दिसतं.

स्लो मोशनची तपासणी: भंगारातला तुकडा शिकंजात पक्का धरून भोक पाडा आणि लांबून स्लो मोशन व्हिडिओ घ्या. साध्या लोखंडात दोन्ही खाचांमधून सारख्या, लांब वळ्या निघाल्या तर धारा बरोबरीच्या आहेत. एकाच खाचेतून वळी येत असेल तर एकटीच धार काम करतेय.

बिट इतक्या लवकर बोथट का होतं?

धार लावायला शिकलात तरी वापरायची पद्धत चुकीची असेल तर बिट पुन्हा आठवड्यात डब्यात जाईल. सगळ्यात मोठं कारण म्हणजे वेग. एचएसएस बिटाने साधं लोखंड कापताना धारेच्या बाहेरच्या टोकाचा वेग मिनिटाला २५ मीटरच्या आसपास धरतात. त्यावरून मिनिटाचे फेरे असे येतात:

५ मिमी: सुमारे १६००
६ मिमी: सुमारे १३००
८ मिमी: सुमारे १०००
१० मिमी: सुमारे ८००
१२ मिमी: सुमारे ६५०

बिट जितकं जाड, वेग तितका कमी. अनेक छोटी हँड ड्रिल पूर्ण बटण दाबल्यावर अडीच हजार किंवा जास्त फेऱ्यांनी फिरतात. म्हणजे १० मिमीचं बिट तिपटीहून जास्त वेगाने पळतं, आणि बाहेरचे कोपरे आधी जळतात. स्टेनलेसला वेग याच्याही निम्म्यापेक्षा कमी हवा.

दुसरं कारण कोरडं काम. थोडं कटिंग ऑइल टाका. तिसरं, नुसतं घासणं: कीस येत नसेल तर लगेच थांबा. मोठं भोक असेल तर आधी सेंटर पंच मारा आणि बारीक बिटाने वाट करून घ्या, म्हणजे मोठ्या बिटच्या मधल्या रेघेला काही ढकलावं लागत नाही.

मशीन घ्यावं का?

घरात वर्षाला चार भोकं पाडत असाल तर घेऊ नका. दोन नट आणि थोड्या सरावावर साध्या ग्राइंडरचं काम भागतं.

दुकान असेल तर कागदावर हिशेब मांडा: महिन्याला किती बिटं टाकता, एका बिटची किंमत किती, एका बिटला किती वेळा धार लागू शकते. मशीनची किंमत भागिले महिन्याची बचत, इतक्या महिन्यांत पैसे वसूल. समजा महिन्याला १५ बिटं जातात, एक १०० रुपयांचं आहे आणि त्यातली १० वाचली, तर महिन्याला १००० रुपये राहिले. चाकाचा आणि कोलेटचा बदलायचा खर्चही धरा. घेण्याआधी सुटं चाक मिळतं का हे विचारा, नाहीतर चाक झिजल्यावर मशीन शोभेला उरतं.

सुरक्षेच्या गोष्टी

धार लावताना आणि भोक पाडताना गॉगल हवाच. फिरणाऱ्या बिटजवळ हातमोजे घालू नका, मोजा गुंडाळला गेला तर हात आत ओढला जातो. लांब बाह्या, ओढणी, गळ्यातला दोरा आवरून ठेवा. चाक पूर्ण थांबल्याशिवाय खोबणीत बोट घालू नका. आणि काम शिकंजात किंवा क्लॅम्पमध्येच धरा. मामेभावाचे टाके या एका गोष्टीने वाचले असते.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिंतीचं बिट यावर चालतं का?
नाही. त्याच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा असतो आणि टोकाचा आकारही वेगळा असतो.

टोक निळं पडलं तर बिट वाया गेलं का?
कार्बन स्टील असेल तर तेवढा भाग नरम पडला असं समजा आणि घासून काढा. एचएसएस निळ्या रंगाला सहसा दाद देत नाही. पण तापलेलं एचएसएस पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात. हवेत थंड होऊ द्या.

सोनेरी रंगाच्या बिटला धार लावता येते का?
येते. टोकावरचा लेप घासून जातो, खाली एचएसएस असेल तर साध्या बिटासारखं काम करतं.

एका बिटला किती वेळा धार लावता येते?
दर वेळी अगदी थोडं घासलं आणि मधली रेघ बारीक करत गेलात तर खाचा पुरेशा उरेपर्यंत कितीही वेळा. म्हणूनच पूर्ण बोथट व्हायची वाट पाहू नका.

शेवटी

डब्यातल्या बिटांपैकी ६३ आम्ही दोन दिवसांत परत कामाला लावली. काही फार आखूड झालेली, काही पिळाला तडा गेलेली होती, ती भंगारात टाकली. आता मशीन मामेभाऊच चालवतो. हातावरचा व्रण अजून दिसतो, पण पट्टी तो शिकंजात धरतो, आणि किंचाळायला लागलेलं बिट त्याच मिनिटाला चकमधून काढतो. अण्णा संध्याकाळी येऊन बसतात. तो त्यांना फोनवर टोकाचा मोठा केलेला फोटो दाखवतो आणि ते सांगतात, "ही बाजू अजून एकदा घे."

तुमच्या घरी किंवा दुकानात असा बोथट बिटांचा डबा असेल तर टाकण्याआधी टॉर्च लावून एकदा बघाच. काही अडचण आली तर खाली कमेंटमध्ये बिटच्या टोकाचा फोटो टाका, आपण मिळून पाहू.